बंदुकीचा परवाना: कोल्हापुरात कुठलं दार वाजवायचं आणि ते कुठे बदलतं

आबांची डबल बार (दोन नळ्यांची) बारा बोअर बंदूक माझ्या नावावर करायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात आरटीओ होतं. फॉर्म भरायचा, दोघांनी सह्या करायच्या, फी भरायची की गाडी नावावर. बंदुकीचंही तसंच असणार, असं धरून चाललो होतो. जिल्हाधिकारी कार्यालयात खिडकीपलीकडच्या कारकुनांनी पाच मिनिटांत तो समज काढून टाकला. "बंदूक नावावर होत नसते हो. आधी तुमच्या नावानं परवाना निघतो, मग त्याच्यावर बंदूक चढते."

नवख्या माणसाची पहिली चूक हीच असते. "बंदुकीची नोंदणी कुठे करायची?" असं जो तो विचारतो. आपल्याकडे बंदूक आधी घेऊन मग नोंदवायची सोयच नाही. आधी परवानगी, मग खरेदी, मग त्या बंदुकीचा नंबर परवान्यावर. परवाना हातात नसताना कुणी "घेऊन ठेव, कागद नंतर करू" म्हणाला, तर तो तुम्हाला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय. साधं शस्त्र विनापरवाना सापडलं तरी किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. प्रतिबंधित प्रकारचं असेल तर सात ते चौदा.

कायदा देशभर एकच: १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याखालचे नियम २०१६ चे आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात मोठे बदल झाले. मग जागेप्रमाणे फरक कशात पडतो? परवाना कुणी द्यायचा, तो कुठवर चालतो, मध्ये आणखी कुणाला विचारावं लागतं, यात. आणि लोक अडकतात ते इथेच.

तुमचं दार कोणतं

कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात गृह शाखेत चौकशी करायची. शहरात राहा, गडहिंग्लजला राहा नाहीतर चंदगडच्या टोकाला, दार हेच. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकाला वाटलं, आता आपले कागद आयुक्तांकडे. महापालिका आयुक्तांचा बंदुकीशी काडीचा संबंध नाही. पोलीस आयुक्त वेगळे, आणि ते इचलकरंजीलाही नाहीत.

पुण्याला नोकरीला असाल तर मात्र चित्र पालटतं. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड इथे पोलीस आयुक्तालयं आहेत, तिथे परवाना पोलीस आयुक्त देतात. त्यांच्या हद्दीबाहेरच्या गावात राहत असाल तर पुन्हा जिल्हाधिकारी. सोलापूरचंही तसंच, शहराला पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्याला जिल्हाधिकारी. जयसिंगपूरकरांनी एवढं ध्यानात ठेवावं की उदगाव सोडून अंकलीचा पूल ओलांडला की सांगली जिल्हा लागतो. दुकान मिरजेत आणि घर जयसिंगपुरात असेल, तर अर्ज कुठल्या पत्त्यावरून करायचा ते एकदाच ठरवा आणि सगळे पुरावे त्याच पत्त्याचे लावा. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे लावले की फाईल दोन्हीकडे लोंबकळते.

निपाणीच्या पाहुण्यांची आणखी गंमत. तिकडे कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्यांनाच डेप्युटी कमिशनर म्हणतात. आमच्या एका मेहुण्यांना "डीसी ऑफिसला जा" असं सांगितल्यावर ते सरळ बेळगावात पोलिसांच्या डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, जाऊन बसले. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे हा घोळ अगदी सहज होतो.

अर्ज करण्याआधी स्वतःला विचारायचं

वय २१ पूर्ण आहे का? हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालीय का? चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यायची वेळ आलीय का? उत्तरं नीट असतील तर खरा प्रश्न उरतो: बंदूक कशाला हवी?

"स्वसंरक्षणार्थ" एवढा एक शब्द लिहून सोडलेले अर्ज मी पाहिलेत. त्यावर साहेब काय विचारणार हे उघड आहे. गुजरीतल्या सराफाने दुकानाचा परवाना, आयकराची विवरणपत्रं, पूर्वी चोरीचा प्रयत्न झाला असेल तर त्या तक्रारीची प्रत लावली तर कारण डोळ्यांना दिसतं. धमकी आली असेल तर तिची तक्रार पोलीस ठाण्यात आधी नोंदलेली हवी. अर्जासोबत पहिल्यांदाच धमकीची गोष्ट सांगितली तर चौकशीला आलेला हवालदारही मिशीत हसतो. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. मागितलं म्हणून मिळेल असं नाही, आणि "आमच्या घराण्यात बंदूक शोभते" हे कारण मनातच ठेवलेलं बरं.

शेतकऱ्यांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी आणि खेळासाठी किमान वीस इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्या परवान्याकडे कायदा थोड्या मोकळ्या मनाने बघतो. पण राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या लोकांनी याच्या पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

अभयारण्याच्या दहा किलोमीटरात

राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं, आधी दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून ओळखलं जायचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या ३४ व्या कलमात एक अट आहे, जी परवान्यांच्या गप्पांत क्वचितच निघते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अभयारण्य जाहीर होतं तेव्हा ज्यांच्याकडे आधीच परवाना असतो, त्यांनी तीन महिन्यांत आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं असतं. म्हणजे "नोंदणी" हा शब्द आपल्या जिल्ह्यात खऱ्या अर्थाने कुठे लागू होत असेल तर तो इथे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एकाच तालुक्यातल्या दोन गावांत, एकाच कारणासाठी केलेल्या दोन अर्जांचा प्रवास वेगळा होतो. एकाची फाईल पोलीस आणि गृह शाखा एवढंच फिरते, दुसऱ्याची वनखात्याकडूनही जाते. तुमचं गाव कुठल्या बाजूला पडतं ते वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी मिळालं तर फाईलला लावा.

आणि परवाना मिळाला म्हणजे उसात शिरलेल्या गव्याला गोळी घालता येते, असं कुणी समजू नये. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याचा आहे, जनावराला संरक्षण वन्यजीव कायद्याचं आहे. एकाने दुसरा रद्द होत नाही. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज, हा रस्ता कंटाळवाणा असला तरी तोच आहे.

अर्ज ते परवाना

अर्ज हल्ली केंद्रीय गृहखात्याच्या एनडाल-एलिस या संकेतस्थळावर भरायचा, साध्या वैयक्तिक परवान्यासाठी नमुना ए-१. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वयाचा दाखला, फोटो, नमुना एस-३ मधलं शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि घरात शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी. वैद्यकीय प्रमाणपत्र कुठल्या डॉक्टरांचं आणि प्रशिक्षण कुणाकडचं चालेल, हे पैसे भरण्याआधी गृह शाखेत विचारा. मी आधी प्रमाणपत्र काढलं आणि मग विचारलं. ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे, उपयोग शून्य.

मग कागद पोलिसांकडे जातात. तुमचं घर ज्या ठाण्याच्या हद्दीत, तिथून चौकशी होते: शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, जिथे असेल तिथे. नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि तो आल्यावर निर्णयाला ६० दिवस दिलेत. प्रत्यक्षात किती लागतात हे फाईल किती स्वच्छ आहे यावर ठरतं. चौकशीला माणूस येईल तेव्हा घरी राहा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि बंदूक कुठे ठेवणार ती जागा दाखवता आली पाहिजे. आमच्याकडे आलेल्या जमादारांनी प्रश्न फारसे विचारले नाहीत. भिंतीतलं लोखंडी कपाट उघडून बघितलं, चावी कुणाकडे असते ते विचारलं, आणि घरात लहान मुलं किती ते लिहून घेतलं. मला वाटतं, सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

नकार आला तर कारणांसह लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं आणि आपल्यासाठी ते पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जातं. पोलीस आयुक्तांनी नाकारलं असेल तर अपील राज्य शासनाकडे. त्याच्याही वर न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, म्हणजे मुंबईची खेप वाचली.

परवाना हातात आला की तो वाचा

हसू नका. बहुतेक जण फोटो आणि सही बघून पाकिटात घालतात. मी पाच गोष्टी बोट ठेवून वाचायला सांगतो: यूआयएन म्हणजे तुमचा देशपातळीवरचा क्रमांक, शस्त्राचा प्रकार आणि बोअर, काडतुसांची मर्यादा, खरेदीची मुदत, आणि कार्यक्षेत्र.

बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, बाबतीत: सामान्य माणसाला मिळतं ते अप्रतिबंधित बोअर. .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, १२ बोअर, .३१५ ची रायफल ही नेहमीची नावं. सैन्य-पोलिसांच्या वापरातली बोअर, जसं ९ एमएम, प्रतिबंधित वर्गात येतात आणि ती जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाहीत. चित्रपट बघून दुकानात जाऊन ९ एमएम मागणारे असतात, दुकानदार चहा पाजून परत पाठवतो.

कार्यक्षेत्राचा रकाना व्यापाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. हुपरीचा चांदीचा व्यापारी घ्या. माल घेऊन तो राज्याबाहेर जातो. परवान्यावर फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल आणि कागलच्या पुढे कोगनोळी ओलांडली, तर कमरेचं रिव्हॉल्व्हर कर्नाटकात विनापरवाना ठरतं. परवाना खरा, बंदूक खरी, माणूस खरा, फक्त जागा चुकली. गोव्याला सहलीला जाणाऱ्यांचंही तेच. परराज्यात नेण्याचं खरोखर कारण असेल तर कार्यक्षेत्र वाढवून घ्या किंवा प्रवासापुरती परवानगी काढा. नसेल तर बंदूक घरात कुलपात राहू दे.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे. कर्नाटकातच, कोडगू जिल्ह्यातल्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने चालणाऱ्या) जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवलीय. मडिकेरीत कुणाच्या घरी भिंतीवर बंदूक दिसली आणि परवाना नाही म्हणाले, म्हणून आपल्या गावात येऊन तसं करू नका.

अमेरिकेतल्या भाच्यांचे फोटो बघून विचारणाऱ्यांसाठी: तिथे उलटं आहे. बंदुकांची सबंध देशाची एक यादी ठेवायला १९८६ पासून केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. हवाईसारख्या राज्यात मात्र बंदूक पोलिसांकडे नोंदवावीच लागते. आपल्याकडे कायदा एक आणि कचेऱ्या अनेक, तिकडे कायदेच अनेक.

खरेदी आणि तो ८ चा आकडा

खरेदी फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून, किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून रीतसर परवानगीने. बंदूक घेतली की ती आणि परवाना घेऊन नोंदीसाठी हजर व्हायचं. आमची बंदूक घरचीच होती, त्यामुळे मला वाटलं हा भाग सोपा. दुकानात तपासणीला नेली. म्हाताऱ्या कारागिराने बंदूक मध्ये वाकवून नळ्या उघडल्या, उजेडाकडे धरल्या, आतून बघितलं, मग रॉकेलचा बोळा घेऊन खालच्या बाजूचा नंबर घासला. भिंग लावलं. परवान्याच्या जुन्या पुस्तकात त्या नंबरातला एक आकडा होता ३. पोलादावर होता ८. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत उतरवलेला आकडा, आणि आबांनी प्रत्येक नूतनीकरणाला तोच पुढे नेलेला.

कागदाच्या हिशेबाने आबांकडे जी बंदूक होती तिचा परवाना नव्हता, आणि ज्या बंदुकीचा परवाना होता ती अस्तित्वातच नव्हती. दुरुस्तीला अर्ज, दुकानदाराचा तपासणी अहवाल, पोलीस ठाण्याचा पंचनामा, यात चार महिने गेले. तुमच्या घरात जुनं शस्त्र असेल तर आज रात्रीच बोळा आणि भिंग घेऊन बसा. आधी नळी रिकामी आहे ना बघा, मग बसा.

वारसाने आलेली बंदूक

परवानाधारक वारले तर बंदूक घरात "जपून" ठेवायची नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा आणि बाकी वारसांची संमती जोडायची. वडील हयात असतानाही हे करता येतं: परवानाधारकाने वयाची ७० गाठली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा. आम्ही हाच रस्ता धरला, आणि तोच धरा असं माझं मत आहे. आबा स्वतः खुर्चीत बसून सही करत होते, म्हणून भावकीत बोलायला कुणाला जागा राहिली नाही.

मर्यादा लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रं एका परवानाधारकाकडे राहू शकतात आणि वारसाचं शस्त्रही त्या दोनांत मोजलं जातं. आधीच दोन असतील आणि आजोबांची तिसरी आली, तर एक सोडावी लागेल.

वाड्यातल्या माळ्यावर सापडणाऱ्या गंजलेल्या ठासणीच्या बंदुकीबद्दल खूप जण विचारतात. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधीच्या किती वस्तू जुन्या घरांत पडून आहेत कुणास ठाऊक. कालबाह्य किंवा पुरातन आणि दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही, असं हत्यार कायद्याबाहेर ठेवलंय. पण ते तसं आहे हे तुम्ही ठरवायचं नाही. लेखी कळवून तपासून घ्या. तलवारीचंही वेगळं. मर्दानी खेळाच्या आखाड्यातली तलवार, दसऱ्याला पूजेला काढलेली तलवार यांना कुणी सहसा हात लावत नाही, पण मनाईचा आदेश लागू असताना तीच मोटारसायकलवरून मिरवली तर पोलीस कारवाई करणारच.

नेमबाजीच्या पोरांसाठी

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, यांच्यामुळे दुधाळीच्या रेंजवर आई-वडील पोरांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न परवान्याचाच असतो. दहा मीटरच्या एअर रायफल-पिस्तुलाला, .१७७ चं बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. ओळखपत्र देऊन घेता येते. .२२ ला मात्र लागतो. मान्यताप्राप्त नेमबाजांना दोनपेक्षा जास्त शस्त्रांची सवलत आहे, २०२० च्या अधिसूचनेनुसार नामांकितांना बारापर्यंत. ती वाट रायफल असोसिएशनमार्फत जाते, त्यामुळे आधी क्लबचं सदस्यत्व, मग बाकीचं.

नंतरची पाच वर्षं

परवाना आता पाच वर्षांचा असतो. संपण्याच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाला टाका. मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, तर ती विनापरवानाच. पत्ता बदलला तर जुन्या-नव्या दोन्ही अधिकाऱ्यांना लगेच कळवा. कोल्हापुरातून पिंपरीला बदली झाली की तुमचं दार जिल्हाधिकाऱ्यांचं राहत नाही, पोलीस आयुक्तांचं होतं, यूआयएन मात्र तोच राहतो. हरवली किंवा चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलीस ठाणं.

निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. सरसकट सगळ्यांना नव्हे, छाननी समिती नावं ठरवते. आली तर वाद न घालता जमा करा आणि पावतीवर नंबर नीट उतरवून घ्या. खरोखर धोका असेल तर समितीपुढे लेखी मांडता येतं.

आणि लग्नात हवेत बार काढायचा नाही. वरात कितीही जोरात असो, पाहुणे कितीही म्हणोत. आनंदाच्या गोळीबाराने कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवानाही जातो.

आमच्या परवान्यावर आता ८ आहे. आबांनी तो चष्मा लावून वाचला, मग चावी माझ्याकडे दिली आणि काडतुसांच्या डब्याची मात्र स्वतःकडे ठेवली.